गोदाकाठचे रानबैल आणि मराठवाड्यातले गोठे

मराठवाड्यातल्या गाईबैलांचा रानटी पूर्वज कोणता, असे कुणी विचारले तर बहुतेक जण गव्याकडे बोट दाखवतात. जालन्याच्या शेतकऱ्याला गवा पाहायचा तर कोल्हापूर-साताऱ्याच्या डोंगरात जावे लागेल. त्याच्या हरभऱ्यात शिरतात ते रोही. रोही अंगापिंडाने गाईसारखे दिसले तरी ते गाईच्या वंशातले नव्हेत. गवा गाईच्या कुळातला खरा, पण आपल्या गाईचा तो बाप नव्हे, फार तर चुलता. गव्याच्या वंशातून माणसाळला तो ईशान्य भारतातला मिथुन. वशिंडाची गाय ज्या जनावरापासून आली ते आज पृथ्वीवर कुठेही जिवंत नाही. त्याला जगभर ऑरॉक्स म्हणतात. युरोपातली त्याची शेवटची गाय १६२७ साली पोलंडमधल्या याक्टोरूफच्या राजरक्षित रानात मेली. त्या काळी दख्खनमध्ये मलिक अंबरच्या मृत्यूला जेमतेम वर्ष झाले होते. आपल्याकडची शाखा त्याआधी हजारो वर्षांपूर्वीच संपली होती. ही शाखा गोदावरीच्या खोऱ्यात नांदत होती हे हाडांवरून सिद्ध आहे. प्रश्न पुढचा आहे: तिचा आणि आज जालन्याच्या बाजारात उभ्या असलेल्या बैलाचा संबंध नेमका कोणत्या प्रकारचा? माझे म्हणणे असे, की हा संबंध रक्तापेक्षा जमिनीचा अधिक आहे. ज्या गवताळ माळाने रानबैलाला पोसले त्याच माळाने पुढे गोठे पोसले, आणि गोठ्यांनी माळ ताब्यात घेतल्यामुळेच रानबैल संपला.

आधी जनावराची ओळख. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या कवट्यांवरून स्कॉटिश वैज्ञानिक ह्यू फाल्कनर याने १८५९ साली त्याला ‘बॉस नामाडिकस’ हे शास्त्रीय नाव दिले. नावातच नर्मदा आहे. पुढे अनेक अभ्यासकांनी त्याला स्वतंत्र जात न मानता ऑरॉक्सची भारतीय उपजात ठरवले. युरोपातला ऑरॉक्स-बैल खांद्यापाशी पावणेदोन मीटरपर्यंत उंच होई. भारतीय शाखेची शिंगे मात्र देहाच्या मानाने जास्त लांब आणि बाजूंना फाकलेली. त्याला वशिंड होते का, हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर हाडांतून थेट मिळणे कठीण, कारण वशिंड म्हणजे मांस आणि चरबी. ते मातीत टिकत नाही. वशिंडाच्या गुरांच्या छातीमागच्या मणक्यांचे काटे टोकाशी दुभंगलेले असतात, एवढीच खूण उत्खनकाच्या हाती लागते. म्हणून जुन्या वसाहतींतली हाडे रानटी की पाळीव, हे मुख्यतः आकारावरून ठरवावे लागते. रानटी जनावर थोराड, पाळीव त्याहून लहान. ही कसोटी ढोबळ आहे. थोराड पाळीव बैल आणि लहानखुरी रानटी गाय यांची मापे एकमेकांत मिसळतात, हे पुढचा युक्तिवाद करताना विसरून चालणार नाही.

गोदावरीच्या बाजूने पाहिले तर पुरावा जुना आहे आणि चांगलाही आहे. १८६० च्या दशकात भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या विन यांना पैठणजवळच्या मुंगी येथे, जनावरांची हाडे देणाऱ्या गोट्यांच्या थरात, अकीकाची एक कपची सापडली. माणसाने फोडलेला दगड आणि नामशेष जनावरांची हाडे एकाच थरात असू शकतात, ही कल्पना तेव्हा युरोपातही नुकतीच रुजत होती. १९०५ साली गाय पिलग्रिम याने नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरजवळच्या गाळातून निघालेल्या सरळ सुळ्यांच्या प्रचंड हत्तीचे वर्णन प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या मध्यास डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी प्रवरेवरचे नेवासे खणले, आणि त्याच परिसरात गोदाकाठच्या काळेगावला बॉस नामाडिकसचे जीवाश्म आणि अश्मयुगीन दगडी हत्यारे यांची नोंद झाली. पुढे डेक्कन कॉलेजच्याच जी. एल. बदाम आदी अभ्यासकांनी पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीच्या आणि लातूर जिल्ह्यातल्या मांजरेच्या काठचे जीवाश्म तपासले. तिथल्या यादीतही हा रानबैल आहे. म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला नाशिक-पैठण आणि आग्नेयेला मांजरा, अशा दोन्हीकडे तो हजर आहे. जालना जिल्हा या दोहोंच्या मधोमध पडतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: या सगळ्या नोंदी जालन्याच्या हद्दीबाहेरच्या आहेत, मग जालन्याचे नाव त्यात कशाला ओढायचे? पहिले उत्तर असे की जिल्ह्याची हद्द १ मे १९८१ ची आहे आणि रानबैलाच्या कळपाला तिचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांची दक्षिण बाजू म्हणजे गोदावरीच. पैठणपर्यंत आलेले जनावर काठाने आणखी काही कोस खाली उतरले नसेल, असे म्हणायला काहीतरी अडसर दाखवावा लागेल, आणि असा अडसर या सपाट खोऱ्यात नाही. दुसरे उत्तर भूशास्त्राचे आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात गुरांची हाडे सापडण्याचा प्रश्नच नाही. हाडे टिकायला नदीचा गाळ लागतो, तोही चुन्याने घट्ट सांधलेला गोटे-वाळूचा थर. असा जुना गाळ दुधना, कुंडलिका, पूर्णा यांच्या काठाने पट्ट्यापट्ट्यांत असतो, सलग नसतो. त्यावरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वर्षानुवर्षे स्वतःलाच घुसळत राहते. तिच्यात पडलेले हाड फार काळ अखंड राहत नाही. शिवाय शोध घेण्याचा भूगोलही असतो. पुण्याहून निघालेले अभ्यासक प्रवरा, घोड, गोदावरीचा वरचा भाग या वाटेने गेले. खालच्या अंगाला तेवढ्या चिकाटीने कोण फिरले? त्यात १९७६ साली जायकवाडीचे धरण पूर्ण झाले आणि पैठणच्या वरचा कित्येक कोसांचा नदीकाठ नाथसागराखाली गेला. नकाशावरची मोकळी जागा जनावराच्या अभावाची असते तशीच ती शोधाच्या अभावाचीही असते. जालन्याच्या बाबतीत ती दुसऱ्या प्रकारची आहे, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

पण हाडे सापडली किंवा सापडतील, एवढ्याने संबंध सिद्ध होत नाही. हत्तीचीही हाडे गोदाकाठी आहेत; म्हणून मराठवाडा हत्तींचा प्रदेश ठरत नाही. रानबैलाचा या भूमीशी असलेला संबंध खोल होता असे म्हणायचे तर ती भूमी त्याला मानवणारी होती हे दाखवावे लागेल. यासाठी सर्वांत बोलका पुरावा अजिंठ्याच्या डोंगराच्या पलीकडे, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. शं. अ. साळी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस तिथे उत्खनन केले. उत्तर पुराश्मयुगाच्या थरांत त्यांना शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले. त्यांतल्या एकावर कोरीव नक्षी आहे, आणि कवचापासून केलेले मणीही आहेत. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग, हे वाचताना आज हसू येते. पण शहामृग दाट जंगलात राहत नाही. त्याला उघडा, कोरडा, गवताळ मुलूख लागतो. डोंगराच्या उत्तरेला असा मुलूख असेल, तर दक्षिणेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, भोकरदन-जाफराबादच्या पठारावर तो नसण्याचे कारण दिसत नाही. आजही जालन्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसावर नैसर्गिकपणे उभे राहते ते विरळ काटेरी झाडांचे रान आणि त्यामधली पवना, मारवेल, कुसळीची कुरणे. नदीकाठी बारमाही पाणी, वर माळावर गवत: गाईच्या कुळातल्या जनावराला याहून वेगळे काही नको असते. गव्याला मात्र डोंगरउतारावरचे दाट रान हवे असते. म्हणून गवा सह्याद्रीत आणि सातपुड्यात टिकला, आणि मधल्या उघड्या पठाराचा रानबैल संपला. या दोन जनावरांच्या नशिबातला फरक जमिनीतल्या फरकाशी जुळतो, आणि माझ्या युक्तिवादाचा मुख्य खांब हाच आहे.

रक्ताच्या नात्याकडे वळू. इथे पुरावा गोदावरीपासून दूर नेतो. बलुचिस्तानातल्या मेहरगढ येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झां-फ्रान्स्वा जारीज यांच्या पथकाने १९७४ पासून उत्खनन केले. इसवी सनापूर्वी ७००० च्या सुमारास सुरू झालेल्या त्या वसाहतीत जसजसे वरच्या थरांकडे यावे तसतशी गुरांची हाडे आकाराने लहान होत गेलेली रिचर्ड मेडो यांना दिसली. रानटी जनावर माणसाळत गेल्याची ही ओळखीची खूण. १९९४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी आईकडून येणाऱ्या डीएनएच्या आधारे दाखवले की युरोपातली बिनवशिंडाची गुरे आणि भारतातली वशिंडाची गुरे यांचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. म्हणजे माणसाने ऑरॉक्स एकदाच माणसाळवून जगभर नेला नाही; पश्चिम आशियात एकदा, आणि भारतीय उपखंडात स्वतंत्रपणे. (जालन्याच्या दूधसंकलन केंद्रावर ज्या संकरित गाईचे दूध जाते तिच्यात हे दोन पूर्वज रेतनाच्या कांडीतून पुन्हा एकत्र आले आहेत, ही या कथेतली एक गमतीची गोष्ट.) २०१० साली आशियातल्या गुरांच्या मोठ्या तपासणीतून असे दिसले की वशिंडाच्या गुरांत दोन मातृवंश आहेत. त्यांतल्या एकाचे मूळ सिंधूच्या खोऱ्यात असल्याचे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. म्हणून गोदाकाठच्या शिकाऱ्यांनी इथलाच रानबैल धरून त्याला वेसण घातली, हे वाक्य आज पुराव्याने लिहिता येत नाही. गुरे माणसाळली ती वायव्येकडे, आणि माणसांबरोबर चालत दख्खनमध्ये आली.

यावर उलटा आक्षेप घेता येतो: मग गोदावरीच्या रानबैलाचा आपल्या गोठ्याशी काहीच संबंध नाही असेच म्हणा ना! तेही घाईचे ठरेल. दुसऱ्या मातृवंशाचा उगम एका ठिकाणी बांधता येत नाही. त्यातली विविधता पाहून संशोधकांनी असे सुचवले की पाळीव कळप उपखंडात पसरत असताना ठिकठिकाणच्या रानटी गाई त्यांत सामील झाल्या असाव्यात. कर्नाटकात रायचूर-बळ्ळारीच्या पट्ट्यात नवाश्मयुगीन गुराख्यांचे राखेचे ढिगारे आहेत. गुरांच्या वाड्यातले शेण वर्षानुवर्षे साठवून जाळल्याने ते झाले, हे रेमंड ऑल्चिन यांनी उत्नूरच्या उत्खननावरून १९६३ साली मांडले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकात दख्खनमध्ये पाळीव कळप होते, हे त्यावरून निश्चित. आणि कोलारकडच्या बनहळ्ळीला त्याच सहस्रकाच्या अखेरीस रानटी गुरांची हाडेही ओळखली गेली आहेत. म्हणजे शेकडो वर्षे रानटी आणि पाळीव गुरे एकाच मुलखात, एकाच पाणवठ्यावर होती. माजावर आलेली गाय रानातल्या वळूला वर्ज्य नसते, हे गुराख्याला सांगावे लागत नाही. असे संबंध मातृवंशाच्या चाचणीत उमटतच नाहीत, कारण ती चाचणी फक्त आईचा माग काढते. आणि रानबैलाच्या हाडातूनच डीएनए काढून प्रश्न निकालात काढावा, तर दख्खनची उष्णता आडवी येते. अशा हवेत हाडातला डीएनए फार लवकर तुटतो. तेव्हा गोदाकाठच्या रानबैलाचे थोडे रक्त आपल्या गुरांत मिसळले असणे संभाव्य आहे, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते. संभाव्य म्हणजे सिद्ध नव्हे.

म्हणूनच आपली देवणी किंवा लाल कंधारी ही ‘गोदावरीच्या आदिम बैलाची थेट वंशज’ असल्याचे दावे मला पटत नाहीत. त्यामागे प्रदेशाचा अभिमान आहे, आणि अभिमान असायला हरकत नाही. पण देवणी ही जात गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या मिसळणीतून गेल्या काही पिढ्यांत घडली, हे पशुपैदाशीच्या पुस्तकांत सरळ नोंदलेले आहे. मराठवाडा हा गुरांच्या येण्याजाण्याचा मुलूख होता. लमाणांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून याच वाटांनी जात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या आसईला शिंद्यांच्या फौजेशी लढायला आलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याची मदार म्हैसूरच्या बैलांवर होती. मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल टिपले आणि त्यांच्या बऱ्याच तोफा मागेच अडकल्या, हा त्या लढाईतला प्रसिद्ध तपशील. पुढे जालन्याला लष्करी छावणीच पडली. जिथे दर पिढीला फौजा, तांडे आणि बाजार यांबरोबर नवे रक्त येत होते, तिथे चार हजार वर्षांची अखंड स्थानिक वंशावळ शोधणे व्यर्थ आहे. जमिनीचा संबंध मात्र या सगळ्यातून टिकला. बैल कुठूनही येवो, चरायचा तो याच माळावर.

आता शेवटचा भाग: रानबैल संपला कसा? काही अभ्यासक सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या कोरड्या कालखंडाकडे बोट दाखवतात. हवामान बदलले, गवत कमी झाले, जनावर संपले. हा खुलासा अपुरा आहे. या जनावराने हिमयुगातली त्याहून कठोर कोरडी शतके काढली होती. शहामृगाच्या काळातला दख्खन आजच्यापेक्षा दमट नव्हता. आधीच्या अवर्षणांत नव्हती अशी एकच नवी गोष्ट या वेळी होती: कुरणावर हक्क सांगणारे पाळीव कळप आणि त्यांचे राखणदार. प्रवराकाठच्या दायमाबादला सुमारे इसवी सनापूर्वी २२०० पासून वस्ती होती. तिथे १९७४ साली सापडलेल्या काशाच्या वस्तू प्रसिद्ध आहेत: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहे. तरी त्यांची निवड विचार करायला लावते. हत्ती आणि गेंडा रानातले. बैल मात्र जुवाखाली. चार वस्तूंवरून मोठा सिद्धांत उभा करू नये हे मला मान्य आहे, पण घोड नदीवरच्या इनामगावचे चित्र याच्याशी जुळते. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातल्या त्या गावात सांकलिया आणि म. के. ढवळीकर यांना सापडलेल्या हाडांत पाळीव गुरांचा वाटा मोठा आहे, त्यांवर कापल्याच्या खुणाही आहेत, आणि एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत शिर नसलेल्या देवीसोबत मातीचा बैल ठेवलेला होता. जोर्वे संस्कृतीच्या या शेतकऱ्यांच्या खाण्यात, कामात आणि देवघरात बैल आला तोवर रानबैल त्यांच्या जगातून बाजूला पडलेला दिसतो. याच्याही पुढे, सातवाहनांच्या काळात, भोकरदन हे भोगवर्धन नावाने व्यापारी नगर होते. सांचीच्या स्तूपाला देणगी देणाऱ्यांत तिथले लोक आहेत. सातवाहन राजा हालाच्या गाथांत गोदाकाठचा नांगर आणि गावचे बैल येतात. माळ नांगराखाली गेला होता. रानटी वळू पाळीव कळपात मिसळून विरघळला, रानटी गाईला चरायला जागा उरली नाही, आणि उरलेल्यांना शिकाऱ्यांनी संपवले, हा क्रम पुराव्याशी सर्वांत चांगला जुळतो. याक्टोरूफलाही हेच झाले: शेवटच्या कळपाला राजाचे संरक्षण होते, पण आसपासच्या गावांची गुरे त्याच कुरणात चरत होती आणि त्यांच्या रोगांची लागणही होत होती.

जर्मनीत १९२० च्या दशकात हेक बंधूंनी पाळीव गुरांतून ऑरॉक्स ‘परत घडवण्याचा’ खटाटोप सुरू केला. तसे काही इथे करावे, असे मला मुळीच वाटत नाही. थोराड, लांब शिंगांचा बैल पैदाशीने मिळेल. रानबैल मिळणार नाही. मिळवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती जालन्यात आहे. गोदावरी, दुधना आणि पूर्णेच्या काठचा जो गोटे-वाळूचा थर अभ्यासकांनी नीट पाहिला नाही, तो आज रोज उपसला जातो आहे. वाळूचे ट्रक भरणारे, विहिरी खोदणारे आणि कालव्याच्या चाऱ्या काढणारे लोक त्या थराला हात घालतात, संशोधक नव्हे. तेव्हा अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतल्या वाचकांना एवढीच विनंती: नदीकाठच्या दरडीत किंवा विहिरीच्या मातीत दगडासारखे जड झालेले हाड, दात किंवा शिंगाचा गाभा दिसला, तर तो फोडू नका, घरी नेऊ नका. जागेवरच, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, तो कोणत्या थरात होता ते लिहून ठेवा, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याला कळवा. थर ठाऊक नसलेल्या हाडाचा अभ्यासाला जवळजवळ काही उपयोग होत नाही.